जांभळ्या डोक्याची लाव्ही

चिमटा. उकळून घेतलेला कापूस. पिंजऱ्याच्या जाळीला चिकटलेलं एक पीस. लाल औषधाची बाटली. पुन्हा सोललेलं डोकं.

लाव्हीची जखम भिकाजीने तिसऱ्यांदा धुतली. तालुक्याच्या दवाखान्यात त्याने एकतीस वर्षं मलमपट्टी केली होती. निवृत्त झाल्यावर हौसेने लाव्हे, तितरासारखे छोटे पक्षी, पाळले होते. चोच मारणारा नर त्याने पहिल्याच दिवशी वेगळा कोंडला. तरी औषध लावून लाव्हीला परत सोडलं की बाकीच्या माद्या तिच्या डोक्यावर तुटून पडत. आता हाड दिसू लागलं होतं. आणखी एकदा असं झालं तर ती वाचणार नव्हती.

"अहो, तुमच्या औषधालाच चोची मारतायत त्या," त्याची बायको सुमती म्हणाली. "लाल दिसलं की त्यांना रक्त वाटतं."

"एकतीस वर्षांत एकाही पेशंटची तक्रार नाही."

"तुमचे पेशंट एकमेकांना टोचत नव्हते."

तोंड आल्यावर लावायचं जांभळं औषध सुमतीने कपाटातून काढलं, लाव्हीला मुठीत धरलं आणि स्वतःच जखम रंगवली. हात जराही हलला नाही. पिंजऱ्यातल्या माद्या जवळ आल्या, त्या जांभळ्या डोक्याकडे बघितलं आणि दाणे टिपायला वळल्या.

पंधरा दिवसांनी तिथे पिसं फुटली. पक्ष्यांचं दुखणं घेऊन कुणी दारात आलं, की भिकाजी ऐटीत सांगे, "डॉक्टरीणबाई आत आहेत."

लग्नानंतरची पहिली आठ वर्षं सुमती रक्त दिसलं की डोळे मिटून घ्यायची.