कॉटर्स बेंडचा मैल

तिसरी फेरी संपली तेव्हा वल्लरी लालबुंद झाली होती. फोनमधून कोच हार्लननी वेळ सांगितली, "सात मिनिटं पन्नास."

फोन तिच्या बाबांच्या, पद्मनाभ सबनीसांच्या हातात होता. कॅमेरा लेकीवरून हलू नये म्हणून ते मैदानाच्या मधोमध उभे राहून तिच्याबरोबर स्वतःभोवती फिरत होते. त्यांना केव्हाच चक्कर यायला लागली होती, पण सांगतात कोणाला!

सिंगापूरमधल्या चोआ चू कांगच्या स्टेडियममध्ये रविवारची सकाळ होती. आठ वाजून गेले होते आणि हवा ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटत होती. फोनच्या पलीकडे, नेब्रास्कातल्या कॉटर्स बेंड गावात, अजून शनिवारची संध्याकाळच होती. तिथल्या सरकारी हायस्कूलच्या जिममध्ये सगळं गाव ग्रॅज्युएशनला, म्हणजे शाळा पूर्ण केल्याच्या समारंभाला, जमलं होतं. सगळं म्हणजे दोनशे माणसं. समोरच्या मोठ्या पडद्यावर वल्लरी धावत होती.

यंदा शाळेच्या शेवटच्या वर्गात ती एकटीच होती. जानेवारीत पद्मनाभची बदली झाली आणि बिऱ्हाड सिंगापूरला आलं, तेव्हा शिक्षकांनी तिचे उरलेले विषय कॉम्प्युटरवरून पुरे करून घेतले. गणित झालं, इतिहास झाला. घोडं अडलं ते पीटीपाशी. अकरा मिनिटांच्या आत एक मैल धावल्याशिवाय कोच हार्लन कोणालाच पास करत नसत. स्वतःच्या मुलालाही त्यांनी केलं नव्हतं. वल्लरी दोनदा नापास झाली होती. आजची संधी शेवटची. ती हुकली तर शहाण्णव वर्षांत पहिल्यांदाच कॉटर्स बेंडमधून कोणीही ग्रॅज्युएट होणार नव्हतं.

"वल्लू, श्वास नाकानं घे!" तिची आई वीणा पाण्याची बाटली घेऊन ट्रॅकच्या आतल्या कडेनं पळत होती. स्वतः ती तोंडानंच घेत होती.

पहिल्या लेनमध्ये चालणारे एक चिनी आजोबा पटकन बाजूला झाले. "फास्टर लाह, गर्ल! कॅन, कॅन!" जमतंय, जमतंय, असं त्यांचं सिंगापुरी इंग्रजी.

वल्लरीला ते ऐकू आलं की नाही कोण जाणे. शेवटच्या वळणावर तिचं डोकं एका बाजूला कललं होतं. पण पाय थांबले नाहीत. चौथी फेरी संपली, पांढरी रेघ ओलांडली आणि ती तिथंच आडवी झाली.

"दहा चौतीस," कोच हार्लन म्हणाले.

फोनमधून एकच गलका उठला. शाळेच्या आठ जणांच्या बँडला राहवलं नाही, त्यांनी सुरुवातच केली. वीणानं दोन्ही हात आकाशाकडे नेले. "न्हालं गं बाई एकदाचं घोडं गंगेत!"

पद्मनाभ मात्र रेघेकडे बघत उभे होते. जन्म मोजमापात गेलेला हा माणूस, आणि इतकी साधी गोष्ट त्यांच्या आत्ता लक्षात येत होती. बोललं नसतं तर कोणालाही कळलं नसतं. त्यांनी फोन तोंडाजवळ नेला.

"माफ करा, कोच. तुमच्याकडच्या जुन्या ट्रॅकवर चार फेऱ्यांचा बरोबर मैल होतो. हा ट्रॅक चारशे मीटरचा आहे. मैलाला अजून नऊ मीटर कमी पडतात."

"पद्मनाभ!" वीणा ओरडली. "आजच हरिश्चंद्र व्हायचं होतं तुला?"

जिममधला आवाज विझत गेला. सगळ्यात शेवटी बँडमधला ट्राँबोन थांबला. मग कोच हार्लनचा कोरडा आवाज आला, "घड्याळ मी थांबवलेलं नाही. दहा त्रेचाळीस."

पद्मनाभ धावले. रेघेपासून मोठाल्या ढांगा मोजत गेले, नऊ झाल्यावर खात्रीसाठी दहावी टाकली आणि कॅमेरा लेकीकडे करून उभे राहिले. "इथपर्यंत, वल्लू!"

वल्लरीनं मान उचलली. "बाबा, आर यू सीरियस?"

तिला उठवायला वीणाचा हात पुढे गेला होता. तो तिनं स्वतःच मागे घेतला. मदत केलेली चालली नसती. ती लेकीच्या कानाशी वाकली. "ऊठ गं माझी राणी. नऊ मीटर म्हणजे काय, आपल्या हॉलपासून स्वयंपाकघर! रात्री आइस्क्रीमसाठी जातेसच ना?"

वल्लरी आधी रांगली. मग एक गुडघा टेकून उठली आणि धडपडत, रडत, बाबांच्या दिशेनं सुटली. चिनी आजोबा टाळ्या वाजवत होते. फोनमधून दोनशे माणसं तिचं नाव घेत होती, जमेल तसं. "वॅलरी! वॅलरी!" ती थेट बाबांवर जाऊन आदळली आणि दोघंही गवतात कोसळले.

फोन हातातून उडाला. जिमच्या पडद्यावर आता सिंगापूरचं नुसतं आकाश दिसत होतं.

"दहा अठ्ठावन्न," कोच हार्लन म्हणाले. "पास."

त्यानंतर जिममध्ये जे झालं त्याला आरडाओरडाच म्हणायला हवं. वीणानं फोन उचलला, पदर नव्हता म्हणून टी-शर्टनं पुसला आणि लेकीसमोर धरला. स्वतः ती हसत होती, रडत होती. मुख्याध्यापिका मिसेस ओल्सन माइकपाशी आल्या. दरवर्षी म्हणायचं वाक्य त्यांनी दरवर्षीच्याच आवाजात म्हटलं.

"कॉटर्स बेंड हायस्कूलच्या यंदाच्या वर्गानं कृपया उभं राहावं."

वल्लरीनं बाबांच्या खांद्याचा आधार घेतला. गुडघ्यातून रक्त येत होतं, पण सगळाच्या सगळा वर्ग उभा राहिला.