साठ हजारांचा भोपळा

"अगं, साठ हजारांचा भोपळा आणलास होय?" सुभानराव ओरडून बोलले. इचलकरंजीच्या यंत्रमागांत उभा जन्म काढून त्यांचे कान पार गेले होते, त्यामुळे ते सगळंच ओरडून बोलत. "मोबाईलवर तानपुरा फुकट वाजतो म्हणे."

पैसे शालनताईंच्या भिशीचे होते, तरी त्यांनी वाद घातला नाही. मिरजेहून आणलेला तानपुरा त्यांनी नवऱ्याच्या मांडीवर ठेवला, त्यांचा तळहात भोपळ्यावर दाबून धरला आणि तारा छेडल्या. हाताखाली काहीतरी गुणगुणलं.

"माग सुरू झाला की जमीन अशीच हलायची," सुभानराव म्हणाले. "त्यात काय एवढं?"

शालनताईंनी हात ठेवून तारा गप्प केल्या. मग समोर बसून, दोन्ही हात पदरात गुंडाळून, त्या गाऊ लागल्या.

तारांना कुणीच हात लावला नव्हता, आणि भोपळा पुन्हा थरथरू लागला. त्या श्वासाला थांबल्या की तो विरत जाई, सूर लावला की परत जागा होई. सुभानराव एकदा तारांकडे, एकदा बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले. ती गाणं शिकायला लागली तेव्हा त्यांचे कान गेलेलेच होते. ती चांगली गाते, एवढं लोकांनी त्यांना खुणांनी सांगितलं होतं.

त्यांनी वाकून भोपळ्याला गाल टेकवला. गाणं संपलं, तरी तो उचलला नाही.

"थांबू नकोस," ते म्हणाले, इतकं हळू की शालनताईंनाच पुढे वाकून ऐकावं लागलं.