आधी कुणाला, मग काय

"ते लो दोय," सिस्टर पिलार म्हणाल्या आणि त्यांनी पेला बुधरीच्या हातात दिला. मी तुला तो देते. पेला परत त्यांच्याकडे गेला, तेव्हा बुधरीनं हात पुढे केला. "मे लो दास." तू मला तो देतेस.

सिरोंच्याच्या वाटेवर महारोग्यांचा तो दवाखाना होता. स्पेनहून आलेल्या सिस्टरना मराठी जेमतेम येई. त्यांच्या हाताखाली राबता राबता बुधरीच त्यांची भाषा उचलत होती. सिस्टर तोडकंमोडकं समजावत, "दोन लहान शब्द. आधी कुणाला, मग काय. उलटं नाही."

बुधरीला हे फार आवडलं. गावात तिच्या वाट्याला जे येई, त्यात 'कुणाला' नसेच. अंगावर चट्टे दिसले, तेव्हापासून तिचा भात पानावर घालून जमिनीवर ठेवत. ठेवणारा मागे सरे, मग तिनं उचलायचं. दवाखान्यात यायला निघाली त्या दिवशी तिनं अंगावर पिणारी लेकही तशीच अंगणात उतरवली आणि ती मागे सरली. मग तिच्या नवऱ्यानं, लालसूनं, लेक उचलली.

आता बुधरी बरी झाली होती. बधिर चट्ट्यांवर सुई टोचली तर आता दुखत होतं. सिस्टरनी बाजाराला जाणाऱ्या माणसाबरोबर लालसूला निरोप धाडला होता : पोरीला घेऊन ये, बायकोला घरी ने.

"पोरगी असली त कसं म्हणाचं, सिस्टरबाई?" बुधरीनं विचारलं.

"मग 'लो' नाही, 'ला'. मे ला दास."

दाराशी बसलेला म्हातारा लच्छू हसला. त्याच्या हातांना बोटं उरली नव्हती, जीभ मात्र शाबूत होती. "आपल्या बोलीत मांगून कोणी देत नाई, बुधरी. त्या बोलीत देते काय?"

"देईल तो. पाह्यजो तू."

मोहाची फुलं गळायच्या दिवसांत, भर दुपारी लालसू आला. सोमारी त्याच्या कडेवर होती. किती मोठी झाली होती! पाय खाली लोंबत होते. बुधरीनं फाटकाशी जुनं लुगडं अंथरलं आणि ती मागे सरली. बरी झाली म्हणून काय, लालसूचं भ्यालेलं मन तिला ठाऊक होतं. तो पोर तिथं ठेवील, मग ती उचलील.

लालसू लुगड्यापाशी थांबला नाही. त्यावर पाय देत तो सरळ पुढे आला आणि त्यानं सोमारी तिच्या हातात दिली. त्याची बोटं तिच्या बोटांना लागली, तरी त्यानं हात झटकला नाही.

सिस्टरना पदर नव्हता, त्यांनी उघड्या हातांनीच डोळे पुसले. बुधरी मात्र पाठ केलेलं 'मे ला दास' विसरूनच गेली. पोरगी तिला ओळखत नव्हती. बापाकडे झेपावून रडत होती. बुधरीनं तिला छातीशी दाबून धरलं.

"थांब, मी गठुडं आणते," अखेर ती म्हणाली. "उजेड आहे तवरच निंगू. पोरीले भूक लागली असन."

लालसू जागचा हलला नाही.

"तुले न्याले नाई आलो," तो म्हणाला. "हिले ठेवाले आलो."

त्यानं पोरीचं झबलं पाठीवरून हलकेच वर केलं.

"हिलेबी चट्टे निंगाले."