डोहाळ्यांचे पेढे

शर्वाणीने कंदी पेढा तोंडात टाकला आणि फोनकडे बघत बसली. सातव्या महिन्यात डॉक्टरांनी तिला गोड वर्ज्य केलं होतं. रक्तातली साखर चढली की दंडावर चिकटवलेली, साखर मोजणारी चकती थेट बोटीवर, तिच्या नवऱ्याला कळवायची. मग निनाद भर समुद्रातून तडतडायचा, "पुन्हा पेढा? बाळाचा तरी विचार कर!"

"डोहाळे आहेत. पुरवायला तू कुठंयस इथं?" ती म्हणायची. भांडण छान लांबायचं.

काल दवाखान्यात तिची चकती बदलली होती. आज फोन वाजेचना. दुसरा पेढा खाऊन शेवटी तिनेच लावला.

"निनाद, मी पेढे खाल्ले."

"खा की खुशाल! नवी चकती साखर चढली की आपणच औषध सोडते. आता मला कळवायचीही गरज नाही. चल, ठेवतो, ड्यूटी आहे."

घर पुन्हा चिडीचूप झालं. थोड्या वेळाने तिने पेढ्यांचा पुडा उचलला आणि शेजारच्या काकूंच्या हातात दिला.

"अगं, तुझे डोहाळे ना? तुलाच ठेव की."

"नको काकू," शर्वाणी म्हणाली, "मला गोड कधीच आवडलं नाही."