मुलाखतीसाठी शांत जागा

अभियंत्यांच्या संघटनेनं विद्यार्थ्यांच्या तयारीसाठी माझा एक धडा वेबसाइटवर ठेवलाय: 'ऑनलाइन मुलाखतीसाठी शांत जागा निवडा.' पूल बांधण्यात जन्म गेला, पण स्वतःच्या अंगणाचा अंदाज चुकला. घानात, कुमासीतल्या घरी मी धडा रेकॉर्ड करत होतो आणि बाहेर माझी बायको आफ्रिये जेवणासाठी उखळात उकडलेल्या कंदांचं फुफू कुटत होती. माझ्या प्रत्येक वाक्यामागे धप्प! धड्यात मी मध्येच ओरडतो, "अगं, थांब जरा!" ती म्हणते, "तुमच्या शांततेनं पोट भरणार आहे का?"

काल संघटनेतल्या झिफाचा फोन आला.

"काका, मुलं हसायची हो. नवा धडा रेकॉर्ड करू या, जुना काढून टाकते. तसाही आता तो धडा एकच विद्यार्थी बघतो. रोज बघतो, पण शेवटची चाचणी काही देत नाही. एवढा मठ्ठ कोण असेल?"



"मीच तो, पोरी. जुना राहू दे. आफ्रिये गेल्यापासून या घरात फुफू कुटल्याचा आवाज फक्त त्या धड्यातच येतो."