आतली लोकर

केस उडवायचा ब्लोअर सुरू झाला तसा गबाळ्या कुत्रा बाल्कनीच्या कोपऱ्यात जाऊन बसला आणि सुनेने घाईघाईने आतलं दार लावून घेतलं.

"फट राहिली नाही ना?" बाईंनी विचारलं. कुत्र्या-मांजरांचे गळणारे केस काढून द्यायला त्या घरोघरी जायच्या. या घरी तर आता त्यांना चहा विचारावा लागत नसे, आपोआप यायचा.

"खाली टॉवेल कोंबलाय. ताई, आजचं शेवटचंच समजा. संध्याकाळी ह्यांच्या ऑफिसमधले एक जण गबाळ्याला न्यायला येणार आहेत."

"म्हणजे ठरलंच?"

"बाबांना परवा परत धाप लागली. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी आमच्या हातात काही असेल असं धरून चालू नका." सुनेने टॉवेल पायाने आणखी आत सरकवला. "हे म्हणाले, घरात एक तर कुत्रा राहील, नाही तर बाप. यावर मी काय बोलणार?"

कुणीतरी टाकून दिलेलं हे पिल्लू सुनेने ड्रॉपरने दूध पाजून जगवलं होतं, ते बाईंना ठाऊक होतं. आता तो चांगला वासराएवढा झाला होता. वर राठ केस आणि आत दाट, मऊ लोकर. ही आतली लोकरच सुटते आणि घरभर उडते. मागे एकदा तिचा नवरा, बाबांचा मुलगा, म्हणाला होता, "सरळ टक्कल करून टाका त्याचं." बाईंनी त्याला समजावलं होतं की तसं केल्याने केस गळायचे थांबत नाहीत, फक्त आखूड होऊन गळतात.

त्यांनी लांब दातांचा कंगवा घेतला. कानामागून मान, मानेवरून पाठ, मग मांड्या. लोकरीचे पुंजकेच्या पुंजके निघून पिशवीत जमू लागले. सुनेने गबाळ्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं होतं आणि ती त्याच्याकडे बघायचं टाळत होती.

"ह्यांनाही दोष देता येत नाही हो," ती म्हणाली. "एरवी कामातून डोकं वर काढत नाहीत. पण बाबांना अ‍ॅडमिट केलं की फोन बंद. रात्रभर खुर्चीत बसून, बाबांचा हात हातात. नर्स म्हणतात, असा मुलगा मिळायला भाग्य लागतं."

काचेवर टकटक झाली. पलीकडे बाबा उभे होते. हाडांचा सापळा, पण डोळे मिश्कील.

"झालं का? ती पिशवी दे इकडे. खाली कचऱ्यात टाकून येतो. तेवढेच पाय मोकळे होतील."

"बाबा, तुम्ही केसांच्या जवळपासही फिरकू नका!"

"गाठ मारलीय ना बाईंनी? की पिशवी मला चावणार आहे?"

हा वाद दरवेळी व्हायचा आणि दरवेळी बाबाच जिंकायचे. पिशवी घेऊन ते सावकाश बाहेर गेले.

मुलगा लवकर आला, तो फोनवर बोलतच. बाबा परत येऊन आपल्या खोलीत आडवे झाले होते. तिकडे न बघता त्याने बाईंना खूण केली, घरात केस राहिलेत का ते दाखवा म्हणून. बाईंनी रबरी हातमोजा ओला करून सोफ्यावरून फिरवला, मग पडद्यांवरून, गालिच्यावरून. मोजा कोराच्या कोरा.

त्याने फोन खाली ठेवला. "एकही नाही?"

"बघा ना तुम्हीच."

"मग आजच्या दिवस राहू दे ना त्याला," सून म्हणाली. "त्या साहेबांना उद्या या म्हणा."

मुलगा विचारात पडला. "घर एवढं स्वच्छ आहे तर मग बाबांना धाप लागते कशाने?"

त्याच वेळी बाबांच्या खोलीतून खोकल्याची उबळ ऐकू आली. नेहमीची नव्हे, श्वास आत ओढून घेणारी. तिघंही धावले. गबाळ्याला त्या खोलीत कधीच जाऊ देत नसत, तोसुद्धा उंबऱ्यावरच थबकला.

मुलाने बापाला उठवून बसवलं, पंप तोंडाला लावला आणि पाठीला आधार म्हणून उशी ओढली. उशीची शिवण उसवली.

आतून लोकर बाहेर आली. स्वच्छ धुतलेली, विंचरलेली, गबाळ्याची लोकर. पुंजके चादरीवर पडले, बाबांच्या मांडीवर पडले.

मुलगा हळूहळू बायकोकडे वळला.

"या खोलीची आवराआवर तूच करतेस ना?"

"अहो, मला खरंच..."

"म्हातारा जड झाला होता तर तोंडाने सांगायचंस! हे असं? रोज रात्री नाकाखाली?"

बाईंच्याही मनात पाल चुकचुकली. कुत्र्यावर एवढा जीव टाकणारी ही सून काय करेल आणि काय नाही, कुणी सांगावं? लगेच त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पण नजर काही सुनेवरून हटेना.

"तिला बोलू नकोस," बाबा म्हणाले. पंपाने त्यांचा श्वास थोडा खाली बसला होता. "टाके मी घातलेत. पहिल्यासारखे नीट पडत नाहीत आता."

"तुम्ही?" मुलगा बघतच राहिला. "बाबा, का? अहो, जीव गेला असता तुमचा!"

बाबांनी त्याचा हात चाचपडत शोधला आणि धरला.

"गेला असता," ते म्हणाले. "पण तेव्हा तू जवळ असतोस ना."