रूथच्या नावाची चिठ्ठी

बायकांच्या प्रार्थनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर डिसेंबरात ॲडमिनबाई चिठ्ठ्या काढायच्या. जिच्या नावाची चिठ्ठी येईल तिच्यासाठी महिनाभर गुपचूप प्रार्थना करायची आणि नाताळच्या सकाळी गुपित फोडायचं.

सुहासिनीच्या वाट्याला नेमकी रूथ आली. जिच्या नुसत्या 'गुड मॉर्निंग'वर लाल बदामांची रांग लागते, ती रूथ! सुहासिनीच्या मेसेजकडे काळं कुत्रंही फिरकत नसे. "हिच्यासाठी काहून मागू मी? हिले काय कमी आहे?" असं म्हणत तिने महिनाभर साधे हातही जोडले नाहीत.

रूथचं नशीब मात्र फळफळलं. मुलगा मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला लागला, जुनं गुडघ्याचं दुखणं पळालं. एकेक बातमी ग्रुपवर यायची आणि इकडे सुहासिनीचा तिळपापड व्हायचा.

नाताळच्या सकाळी रूथने लिहिलं, "मेरी ख्रिसमस सगळ्यांले! माझ्यासाठी कोण मागून राहिली होती वं? तिचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही."





सुहासिनीने टाइप केलं, "मीच वं, रूथ. रोज गुडघे टेकून. आता माह्येच दुखून राहिले."